व्हेरिकोज व्हेन्स: लेझर करावे की ग्लू?

प्रश्न
माझी आई ५८ वर्षांची असून तिने २७ वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले आहे. तिच्या डाव्या पोटरीवर शिरांच्या गाठी आहेतच, पण गेल्या वर्षभरात घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट आणि कडक झाली आहे. एका डॉक्टरांनी लेझर सुचवले, दुसऱ्यांनी त्याहून बऱ्याच महाग अशा ग्लूचा, म्हणजे शीर आतून चिकटवून बंद करणाऱ्या वैद्यकीय गोंदाचा, आग्रह धरला. आई म्हणते, "फारसं दुखत नाही, मग हात कशाला लावायचा?" काय करावे?

उत्तर १
मी रक्तवाहिन्यांचा शल्यचिकित्सक आहे. दुखणे कमी असले तरी कातडी काळी आणि कडक होणे ही जखमेच्या आधीची पायरी असते, त्यामुळे आता थांबू नये, असे मला मनापासून वाटते. पोटरीवरच्या गाठी डोळ्यांना दिसतात, पण बिघाड बहुधा वर, जांघेपाशी असतो. तिथली झडप नीट मिटत नाही आणि उभे राहिले की रक्त उलटे खाली उतरते. म्हणून डॉप्लर तपासणी (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) रुग्णाला उभे करून व्हायला हवी, आणि उलटा प्रवाह अर्ध्या सेकंदाहून जास्त टिकतो का, तसेच खोल नीला मोकळ्या आहेत का, हे अहवालात लिहिलेले असावे.

लेझर आणि रेडिओफ्रीक्वेन्सी या दोन्हींत सुईच्या छिद्रातून नळी घालून बिघडलेली नीला आतून उष्णतेने बंद करतात. रेडिओफ्रीक्वेन्सीची प्रचलित नळी एका वेळी सुमारे ७ सेंटीमीटर भाग १२० अंश सेल्सिअसला २० सेकंद तापवते. उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०१३ मध्ये उष्णतेच्या उपचारांना पहिले स्थान दिले, त्यानंतर फोम (नीलेत टोचून ती बंद करणारे फेसाळ औषध) आणि शेवटी शस्त्रक्रिया. ग्लूमध्ये नीलेभोवती भुलीची इंजेक्शने टोचावी लागत नाहीत, ही मोठी सोय आहे. मात्र तो पदार्थ शरीरात कायम राहतो आणि काहींना नीलेच्या रेषेवर लाली व खाज येते. उष्णतेचा उपचार करता येत असेल, तर केवळ नवे म्हणून ग्लूसाठी जास्त पैसे मोजावेत, असे मी सांगणार नाही.

उत्तर २
मी रेडिओफ्रीक्वेन्सी करून घेतली आहे. खरा त्रास भुलीच्या इंजेक्शनांचाच झाला. त्याच दिवशी चालत घरी आलो, पण पुढचे दहा दिवस मांडीच्या आत दोरी ताणल्यासारखे वाटत होते. उपचारानंतरचे घट्ट मोजे चढवताना पायावर आधी प्लॅस्टिकची पातळ पिशवी घालावी. बोटांकडून उघड्या असलेल्या मोज्यातून ती नंतर ओढून काढता येते. हे मला आधी कोणी सांगितले नव्हते.

उत्तर ३
मुख्य नीला बंद केल्यावर उरलेल्या गाठींसाठी मला दोनदा फोम दिला. गाठी गेल्या, परंतु नडगीवर तपकिरी रेघ राहिली. ती फिकी व्हायला बरेच महिने लागले.

प्रश्नकर्ती
सर्वांची मनापासून आभारी आहे. अहवाल पुन्हा काढून पाहिला. तपासणी आईला झोपवूनच केली होती आणि त्यात जांघेतल्या झडपेचा उल्लेखही नाही. सोमवारी उभे राहून डॉप्लर करून घेत आहोत; लेझर की ग्लू, हे त्यानंतरच ठरवू.