मदत हवी आहे: अमेरिकेत फिशरीज एमएससाठी प्रोफेसरला पहिला मेल कसा लिहायचा?

नमस्कार मंडळी, मी रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात बीएफएससीच्या (मत्स्यविज्ञानाची पदवी) शेवटच्या वर्षाला आहे. घर मच्छीमाराचं, पण मला कोळंबी शेती वगैरे नाही करायची, खाडीतल्या माशांची संख्या का कमी-जास्त होते त्यावर काम करायचंय.

शोधताना कळलं की अमेरिकेत कोऑपरेटिव्ह फिश अँड वाइल्डलाइफ रिसर्च युनिट असा प्रकार असतो. युनिट विद्यापीठात, शास्त्रज्ञ यूएसजीएस या सर्वेक्षण संस्थेचे म्हणजे केंद्र सरकारचे, प्रश्न आणि बराचसा पैसा राज्याच्या वन्यजीव खात्याकडून, आणि नदीत उतरून काम कोण करणार तर एमएस-पीएचडीची पोरं. १९३२ ला आयोवात पहिलं सुरू झालं, १९३५ ला देशभर, आणि कल्पना डिंग डार्लिंग नावाच्या व्यंगचित्रकाराची, जो मधे बायॉलॉजिकल सर्व्हे या केंद्राच्या वन्यजीव खात्याचा प्रमुखही झाला. व्यंगचित्रकाराला खातं दिलं हे मला अजून पचलेलं नाही, असो.

आता अडचण. एका कन्सल्टन्सीत गेलो तर तो म्हणे आठ युनिव्हर्सिट्या निवड, फी भर, कर्जाचं बघू, नाहीतर डेटा सायन्स कर. पण सीनियर म्हणतात या फील्डमध्ये सगळं उलटं, आधी प्रोजेक्टवाला प्रोफेसर हो म्हणतो आणि मगच अर्ज भरायचा. असिस्टंटशिप, म्हणजे शिकताना विद्यापीठातलं पगारी काम, मिळाली तर फी माफ आणि वर स्टायपेंड, नाही मिळाली तर बाबांची बोट विकूनही पुरायचं नाही. २३ मेल टाकले, उत्तरं दोन, दोन्हीत फंडिंग नाही. काय चुकतंय? आणि भारतीय पोराला घेतात का, की सरकारी म्हणून नाहीच?

— — —

मी इथे मिडवेस्टात वाइल्डलाइफमध्ये पीएचडी करतेय. २३ जणांना एकच मेल गेलाय ना? रिस्पेक्टेड सर, आय ॲम हायली पॅशनेट? ते पहिल्या ओळीत कळतं. टेक्सास ए अँड एमचा वाइल्डलाइफ जॉब बोर्ड रोज बघ, तिथे एमएसच्या जागा जाहिरातीसारख्या येतात, प्रोजेक्ट आणि स्टायपेंड लिहिलेलं असतं, त्यालाच उत्तर दे. असिस्टंट विद्यापीठ नेमतं म्हणून पासपोर्ट सहसा आड येत नाही, नंतरची फेडरल नोकरी मात्र जवळजवळ नागरिकांनाच. आणि तू स्वतः काय केलंयस ते कुठेय? जाळं, बोट, मोजमाप?

— — —

वर्सोव्याच्या सीआयएफई या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेची एमएफएससी (फिशरीजची मास्टर्स) पण डोक्यात ठेव रे, तिथे फिशरीज रिसोर्स मॅनेजमेंट आहे, आयसीएआरची (कृषी संशोधन परिषदेची) प्रवेश परीक्षा सोडू नको. एकाच टोपलीत सगळी मासळी नको.

— — —

ताई, मेल एकच होता, फक्त नावं बदलली 🙈 चार महिने आमच्या खाडीत काळुंदर मोजलेत, लांबी-वजनाचं गणित (रिग्रेशन) आर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलंय, ते एका ओळीत उरकलं होतं. बोटीचं तर लिहिलंच नाही, वाटलं ते काय क्वालिफिकेशन आहे का, बारा वर्षांचा असल्यापासून इंजिन धरतोय.

— — —

अरे वेड्या, तेच वर लिही! इथे फील्ड सीझनला बोट हाकणारं आणि बोट वाहायचा ट्रेलर गाडीने मागे घेता येणारं माणूस शोधत फिरतात.

— — —

ट्रेलर नाही येत पण. आमच्याकडे बोट दहाजण मिळून वाळूवर ओढतात. ते लिहू का?