१८९० रेटिंगवाल्याने ड्रॉ (बरोबरी) मागितला, भाच्याने दिला. चुकलं का?

नौपाडाकर: रविवारी ठाण्यातल्या क्लासिकल (लांब वेळेच्या डावांच्या) बुद्धिबळ स्पर्धेत भाच्याची (वय १३, रेटिंग १५३०) गाठ १८९० रेटिंगच्या एका अनोळखी काकांशी पडली. ४१ व्या चालीला दोघांचा एकेक हत्ती, भाच्याची चार प्यादी, काकांची तीन, सगळी राजाच्या बाजूला. काकांनी पाण्याचा घोट घेतला, चाल केली आणि घड्याळ दाबण्याआधी हळूच, "ड्रॉ?" पोराने लगेच हात मिळवला. बाहेर येऊन उड्या मारत होता, मी गप्प. ३६० गुणांनी वरचा माणूस स्वतःहून ड्रॉ मागतो तेव्हा त्याचं काहीतरी दुखत असतं. खेळायला हवं होतं.

कोपरीचा घोडा: एकाच बाजूला चारास तीन, हत्तीचा शेवट. नीट बचाव केला तर बरोबरीच. काळ्याचं, म्हणजे काकांचं, प्यादं एच५ घरावर होतं का?

नौपाडाकर: होतं. स्कोअरशीट समोरच आहे.

कोपरीचा घोडा: मग काकांना या बचावाची ठेवण पाठ आहे. ड्रॉचे रेटिंगचे १६ गुण घ्या, मिसळ खा.

ऐरोली एक्स्प्रेस: पाठ असणं वेगळं, दमलेल्या डोक्याने तासभर बचाव करणं वेगळं. पोराचं जाणार काय होतं? हरला तर उणे ४, जिंकला तर ३६ (के, म्हणजे रेटिंग किती वेगाने बदलतं तो गुणक, ४० धरून).

कोपरीचा घोडा: हा हिशेब सगळे असाच चुकवतात. ड्रॉचे १६ हातात आलेच होते. तिथून जिंकला तर २० जास्त, हरला तर २० कमी.

ऐरोली एक्स्प्रेस: म्हणजे पैज बरोबरीची आणि जादा प्यादं आपलं! तुम्ही माझीच बाजू मांडताय.

कोपरीचा घोडा: घड्याळ सांगा आधी.

नौपाडाकर: भाचा ३ मिनिटं, काका ३८. दर चालीला ३० सेकंद मिळतात म्हणा.

कळव्याची आई: सकाळचा डाव किती वेळ चालला होता, हे कुणी विचारणार आहे का? आणि ड्रॉ म्हणजे भित्रेपणा नव्हे. २०२५ च्या महिला बुद्धिबळ विश्वचषक फायनलला दिव्या देशमुखने हंपीशी दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीतच सोडवले.

ऐरोली एक्स्प्रेस: तिथे पुढे रॅपिडचा (कमी वेळेच्या डावांचा) टायब्रेक होता, ताई, तो तिने जिंकला. इथे पुढे फक्त लोकल.

नौपाडाकर: आत्ता भाच्यालाच विचारलं. म्हणाला, "मामा, एवढा मोठा प्लेअर ड्रॉ मागतोय, म्हणजे मलाच काहीतरी दिसत नसणार असं वाटलं."