नेदरलँड्सच्या हॉलिडे पार्कात मुलांसोबत चार-पाच दिवस : कुठलं पार्क, कुठले वार, जेवणाचं काय?

मनीषनगर_पाच
जूनमध्ये नागपूरहून नेदरलँड्सला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा आणि सासूबाई ६८ वर्षांच्या, गुडघ्याचा त्रास आहे. घरी पूर्ण शाकाहार, अंडंसुद्धा नाही. शहरातल्या हॉटेलपेक्षा जंगलातलं कॉटेज, स्विमिंग पूल, सायकली असं एखादं हॉलिडे पार्क हवंय. वेबसाइटवर सगळीच सारखी दिसतात. सलग ७ रात्री तिथेच राहावं का? गाडीशिवाय जमेल का? कॉटेजमध्ये रोजचा स्वयंपाक होतो का? कुणाला नीट माहिती असेल तर सांगा.

लक्ष्मीनगर_कट्टा
ताई, आधी वार ठरवा, पार्क मागाहून. तिथे बुकिंग ठरलेल्या तुकड्यांत मिळतं : शुक्रवार ते सोमवार, सोमवार ते शुक्रवार, नाहीतर पूर्ण आठवडा. सोमवार ते शुक्रवार म्हणजे ४ रात्री, आणि बहुतेक वेळा त्या ४ रात्री वीकेंडच्या ३ रात्रींपेक्षा स्वस्त पडतात. कारण सरळ आहे. डच मुलं तेव्हा शाळेत असतात.

इथे विदर्भवाल्यांना एक फायदा आहे. आपल्या शाळा जूनच्या शेवटाला उघडतात आणि डच शाळांना उन्हाळ्याची मोठी सुट्टी लागते जुलैमध्ये, तीही उत्तर, मध्य, दक्षिण अशी विभागून. म्हणजे नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपल्यापासून आपली शाळा उघडेपर्यंतचे तीन आठवडे तुमच्यासाठी सोन्यासारखे आहेत. स्विमिंग पूल मोकळा, रेस्टॉरंट मोकळं, दर खाली. फक्त ईस्टरवरून मोजल्या जाणाऱ्या सुट्ट्या बघून घ्या. ईस्टरनंतर ५० व्या दिवशीच्या सोमवारी नेदरलँड्समध्ये सार्वजनिक सुट्टी असते, आणि ६० व्या दिवशीच्या गुरुवारी शेजारच्या जर्मन राज्यात सुट्टी असते. लिंबुर्ख प्रांतातली पार्कं त्या चार दिवसांत जर्मन कुटुंबांनी भरून जातात.

७ रात्री एकाच पार्कात नको. चौथ्या दिवशी मुलांचं स्विमिंग पुलावरचं मन उडतं आणि मग रोज बाहेर जायचं ठरलं की पार्क दूर वाटायला लागतं. ४ रात्री पार्क, २-३ रात्री हार्लेम किंवा उट्रेख्त शहरात, हे जास्त बरं.

दराबद्दल : पहिल्या पानावरची रक्कम धरू नका, पैसे भरायच्या आधीचं शेवटचं पान बघा. त्यात बुकिंगचं शुल्क, माणशी-रात्री पर्यटक कर आणि काही ठिकाणी चादरींचं भाडं वेगळं येतं. "अमुकच जागेचं कॉटेज हवं" म्हटलं की त्याचेही पैसे. दोन वर्षांपूर्वीच्या कुणाच्या हिशेबावर बजेट लावू नका, कारण १ जानेवारी २०२६ पासून तिथल्या मुक्कामावरचा कर ९ वरून २१ टक्के झाला आहे. तंबू-कॅम्पिंगला तो ९ टक्केच आहे, कॉटेजला नाही.

आणि ४ जणांच्या कॉटेजमध्ये पाचवं माणूस घुसवता येत नाही, मूल असलं तरी. तुम्हाला ५ किंवा जास्त जणांचंच घ्यावं लागेल.

त्रिमूर्तीनगर_गार्डन
भाऊंनी पैशाचं नीट सांगितलं. मी कॉटेजच्या दारातल्या पाण्याचं सांगते, कारण ४ वर्षांचं मूल आहे.

बऱ्याच डच पार्कांत कॉटेजच्या मागे छोटा कालवा किंवा तळं असतं. फोटोत फार सुंदर दिसतं. प्रत्यक्षात काचेचं सरकतं दार, पुढे दोन मीटर फरशी, मग गवत आणि लगेच पाणी. मध्ये कुंपण नाही. तिथली मुलं लहानपणीच पोहायला शिकतात, त्यामुळे ही रचना त्यांना नेहमीची आहे. तुमच्या बुकिंगमध्ये "पाण्याकाठी" असं लिहिलेलं कॉटेज टाळा, वर पैसे मागत असले तरी. लँडालसारख्या हॉलिडे पार्कांच्या साखळ्यांत लहान मुलांसाठी वेगळी कॉटेजं असतात, जिन्याला फाटक, उंच खुर्ची, पाळणा असलेली. ती बघा.

सासूबाईंसाठी "तळमजल्यावर बेडरूम" हा शब्द वर्णनात आहे का तो तपासा. डच घरातला जिना अरुंद आणि उभा असतो, पायरीवर पूर्ण पाऊल मावत नाही. गुडघ्याला तो अजिबात नको. संडासात जेट नसतो, तेव्हा प्लास्टिकचा मग किंवा हाताने दाबायची बाटली बॅगेत टाका.

स्विमिंग पुलाचे नियम : पोहता न येणाऱ्या मुलाच्या दंडात हवेचे पट्टे आणि हाताच्या अंतरावर मोठं माणूस. तिथे मुलांचे पोहण्याचे ए, बी, सी असे डिप्लोमा असतात आणि काही घसरगुंड्या, वाहत्या पाण्याचे मार्ग पोहता येणाऱ्यांसाठीच असतात. मुलगी इथे शिकली असेल तरी उथळ टोकाला एकदा पोहून दाखवायला सांगा. लाटांचा पूल काठावर उथळ वाटतो, घंटा वाजली की लाटा सुरू होतात आणि पाणी मुलाच्या छातीपर्यंत येऊ शकतं. सुती टी-शर्ट, बर्म्युडा आत चालत नाही. लायक्राचेच कपडे घ्या.

मनीषनगर_पाच
पाण्याचं लक्षातच आलं नव्हतं, आम्ही तळ्याकाठचंच कॉटेज निवडलेलं. गाडीचं सांगा ना. यांना उजव्या बाजूने चालवायची सवय नाही.

कोराडी_रोड
गाडी नसेल तर पार्कांची यादी आपोआप लहान होते. मोठी पार्कं जंगलात किंवा पाणी उपसून मिळवलेल्या जमिनीवर आहेत. सेंटर पार्क्स या साखळीचं पहिलं पार्क १९६८ साली लिंबुर्खमधल्या रोइव्हर गावाजवळ झालं, कल्पनाच शहरापासून दूर झाडांत राहायची होती. त्यांचंच दे एमहोफ पार्क झेवोल्डेला आहे, त्या गावाला रेल्वे स्टेशनच नाही. बॅगा, म्हातारं माणूस आणि दोन मुलं घेऊन बस बदलत जाणं म्हणजे पहिला दिवस वाया.

रेल्वेने जाण्याजोगं म्हणजे झांडफोर्टचं पार्क. ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाच्या खालीच स्टेशन आहे. तिथून स्लोटरडाइकला गाडी बदलायची, मग हार्लेमवरून झांडफोर्ट आन झे, शेवटचं स्टेशन. तिथून पार्क चालत जाण्याजोगं आहे, बॅगा असतील तर टॅक्सी. समुद्रकिनारा जवळ, झाकलेला पूल आहे. एकच गोष्ट : शेजारी मोटार शर्यतीचा ट्रॅक आहे. बुक करण्याआधी ट्रॅकचं वेळापत्रक बघा, शर्यतीच्या दिवशी दिवसभर घरघर ऐकू येते.

तिकीट वेगळं काढायची गरज नाही, बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड गेटला लावायचं. पण एका माणसाला एक कार्ड. तुमच्याकडे ३ मोठी माणसं, म्हणजे ३ वेगवेगळी कार्डं, आणि जे कार्ड चढताना लावलं तेच उतरताना. फोनमधलं कार्ड आणि प्लास्टिकचं कार्ड यांची अदलाबदल झाली की मशीनला ती दोन माणसं वाटतात आणि दोन्हींवर जास्तीचे पैसे कापले जातात. निघण्याआधी कार्डाचा परदेशी आणि कॉन्टॅक्टलेस वापर बँकेच्या ॲपमधून सुरू करून ठेवा. ४ वर्षांखालच्यांना तिकीट नाही. ४ ते ११ वयाला दिवसभराचं स्वस्त मुलांचं तिकीट आहे, ते ॲपवर आधी काढा.

गाडी घ्यायचीच ठरली तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, १००० रुपये फी, वर्षभर चालतो. भाड्याच्या काउंटरवर चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात, बायकोचं चालत नाही. १.३५ मीटरपेक्षा बुटक्या मुलाला सीट सक्तीची, तुमच्या दोन्ही मुलांना बहुधा लागेल, बुकिंगमध्येच टाका. चौकात खूण नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आणि उजवीकडे वळताना आतल्या बाजूने सरळ जाणारी सायकल आधी जाते. नवा माणूस चुकतो तो इथेच. सकाळी विमानातून उतरून लगेच दोन तास चालवू नका. आपल्या शरीराचं घड्याळ तिथल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असतं, दुपारी झापड येते.

पार्कात शिरल्यावर गाडी फक्त सामान उतरवायला आत नेता येते, मग बाहेरच्या पार्किंगला. आत सायकल. तिथल्या बऱ्याच सायकलींना हँडलला ब्रेक नसतो, पेडल उलटं दाबलं की चाक थांबतं. आपल्या मुलांना पेडल मागे फिरवायची सवय असते, त्यामुळे सायकल झटक्याने थांबते आणि मूल पुढे जातं. मोकळ्या जागेत दहा मिनिटं सराव करून घ्या, मगच रस्त्यावर.

धरमपेठ_स्वयंपाकघर
जेवणाचं मी सांगते. स्वयंपाक रोज होतो, पण सामान बघून न्या.

सगळ्यात आधी, काय न्यायचं नाही. युरोपच्या बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पनीर, पेढे आणि भेट द्यायला म्हणून घेतलेली खव्याची संत्रा बर्फीसुद्धा नाही. ताजी फळं-भाज्या प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत, त्यात कढीपत्ता आला, संत्रीही आली. केळी, नारळ, अननस, खजूर यांना सूट आहे. बंद पाकिटातले मसाले, गोडा मसाला, हिंग, पोहे न्या.

५ माणसं, ४ रात्री, दिवसातून एक वेळ घरचं जेवण धरलं तर कणीक दीड किलो, तांदूळ १ किलो, मूगडाळ अर्धा किलो पुरते. तांदूळ आणि लाल मसूर तिथल्या दुकानातही मिळतात. कणीक मात्र इथूनच न्या. तिथलं पांढरं पीठ म्हणजे मैदा, आणि "फोलकोरेन" लिहिलेलं पीठ जाडसर, कोंड्याचं, पोळी काठाला फाटते. तूप तिथेच कढवा : "रोमबोटर" म्हणजे लोणी, त्यात "ओंगेझाउटन" म्हणजे बिनमिठाचं. २५० ग्रॅमच्या वडीतून साधारण २०० ग्रॅम तूप निघतं, मंद आचेवर वीसेक मिनिटांत.

दूध घेताना पाकिटावर "कार्नेमेल्क" लिहिलेलं घेऊ नका, ते ताक आहे. दुधाच्या शेजारीच, तशाच पाकिटात ठेवलेलं असतं. चहात घातलं की चहा फाटतो. कढीला मात्र तेच घ्या, छान होते.

कुकर कॉटेजमध्ये नसतो. शेगडी कुठे गॅसची, कुठे इंडक्शनची. बुकिंगनंतर ईमेल करून विचारा आणि इंडक्शन असेल तर स्टीलच्या बुडाचा ३ लिटरचा कुकर न्या, ॲल्युमिनियमचा तापणारच नाही. आपली मोठी गोल तीन पिनांची प्लग तिथल्या बोर्डात बसत नाही, ॲडॉप्टर हवा.

छताला धुराचा अलार्म असतो. सुक्या मिरचीची खमंग फोडणी दिली की तो वाजतो. आधी शेगडीवरचा धूर ओढणारा पंखा पूर्ण वेगाने, बाहेरची खिडकी उघडी, मग तेल तापवा, आणि मिरची तेल धुरायच्या आत टाका. अलार्मवर पिशवी बांधायची नाही, ते धोक्याचं आहे.

बाहेर खाताना : पॅनकेकमध्ये आणि पोफर्तियस या छोट्या पॅनकेकमध्ये अंडं असतं. "क्रोकेट" आणि "फ्रिकांडेल" मांसाचे. बऱ्याच डच चीजमध्ये प्राण्याचं रेनेट (दूध घट्ट करायला वासराच्या पोटातून काढलेला पदार्थ) असतं, पाकिटावर "फेखेटारिस स्ट्रेमसेल" म्हणजे शाकाहारी रेनेट असं लिहिलेलं असेल तरच घ्या. मुलांच्या जेली-गोळ्यांत जिलेटिन बघा. फ्रेंच फ्राइज कुठल्या तेलात, त्याच तेलात मांस तळतात का, हे विचारायला लाजू नका, नीट उत्तर देतात. पाण्याच्या बाटल्या विकत नका घेऊ, नळाचं पाणी प्यायचंच आहे. घेतल्याच तर छोट्या बाटलीवर १५ आणि मोठीवर २५ सेंट अनामत असते, सुपरमार्केटच्या मशीनमध्ये बाटली टाकली की परत मिळते. आमच्याकडच्या मुलांना हेच काम आवडतं.

मनीषनगर_पाच
संत्रा बर्फी नाही नेता येत! सासूबाई दोन किलो घेणार होत्या. बरं झालं विचारलं. व्हिसाच्या आधी कॉटेज बुक करायचं की नंतर?

लक्ष्मीनगर_कट्टा
आधी, पण विनाशुल्क रद्द होणारं. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला नेहमी १५ दिवस, पण ४५ पर्यंत लांबू शकतो, म्हणून जूनसाठी मार्चमध्ये कागद द्या. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वयाला ४५, त्याखाली माफ. मुलाचे ६ वर्षं पूर्ण झालेले नाहीत, म्हणजे त्याला काही नाही. अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस कंपनीचं सेवाशुल्क वेगळं. बोटांचे ठसे १२ वर्षांखाली घेत नाहीत. विमा किमान ३०,००० युरोचा, आणि सासूबाईंच्या पॉलिसीत जुनं दुखणं धरलंय का ते वाचून घ्या. मुलं एकाच पालकासोबत जाणार असतील तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र लागेल.

विमान नागपूरहून शेवटपर्यंत एकाच तिकिटावर घ्या. मुंबईपर्यंत वेगळं आणि पुढे वेगळं घेतलं आणि पहिलं उशिरा पोचलं, तर दुसऱ्या कंपनीची काही जबाबदारी नसते.

त्रिमूर्तीनगर_गार्डन
दोन गोष्टी राहिल्या. जूनमध्ये तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि साडेपाचच्या आधीच परत उजाडतं. कॉटेजचे पडदे पातळ असतील तर मुलगा झोपणार नाही. काळा कापडाचा तुकडा आणि आठ-दहा कपड्याच्या क्लिपा न्या. दिवसा १८-२० अंश असतं, पण पाऊस कधीही येतो. "बाउएनराडार" ॲप पुढच्या दोन तासांचा पाऊस दाखवतं, सायकल काढण्याआधी बघायचं.

दुसरी, गोचीड. गवतात, झुडपांत असते, खसखशीएवढी बारीक. रोज संध्याकाळी आंघोळीच्या वेळी मुलांच्या काखा, गुडघ्यामागे, जांघेत, कानामागे, केसांच्या कडेला बोटाने चाचपून बघा. सापडली तर तेल, स्पिरिट काही लावायचं नाही. टोकदार चिमट्याने कातडीला लागून तिचं डोकं पकडायचं आणि सरळ वर ओढायचं, पोट दाबायचं नाही. मग जागा पुसून तारीख लिहून ठेवा. लाइम नावाचा जिवाणूंमुळे होणारा आजार पसरवते ती, म्हणून जितकी लवकर काढाल तितकं बरं. त्या जागी पुढच्या ३ महिन्यांत लाल चकती पसरत गेली तर नागपूरच्या डॉक्टरांनाही गोचीड चावल्याचं आणि कुठे चावली ते आधी सांगा. इथे त्यांच्या मनात तो आजार चटकन येणार नाही.