मदत हवी आहे: ट्रामने पार्सल पोचवण्याचा आराखडा (नाशिकरोड ते रविवार कारंजा)

गोदाकाठ: शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी नाशिकरोड स्टेशन ते रविवार कारंजा अशी कल्पित ट्राम धरली आहे. प्रवासी गाडी दर १० मिनिटांनी. रोज २,००० पार्सलं, सरासरी ३ किलोची. पार्सलं प्रवासी गाडीतूनच न्यावीत की वेगळी मालट्राम ठेवावी? आणि माल उतरवायला थांब्यावर किती वेळ मिळतो?

रूळबदल: वजनाचा विचार नंतर करा, आधी चढ-उतार बघा. एका चाकांच्या जाळीपिंजऱ्यात ५० पार्सलं धरली तर ४० पिंजरे होतात. पिंजरा सोडवून बाहेर काढायला अर्धा मिनिट धरा. प्रवासी थांब्यावर गाडी २०-३० सेकंदच उभी असते, म्हणजे फार तर एक पिंजरा. दुपारी ११ ते ५ गर्दी कमी असते, पण त्या वेळात ३६ फेऱ्या, म्हणून ३६ पिंजरेच. तेही एकही न अडकता.
रस्त्यावरच्या बसला दुसरी बस ओलांडून जाते, रुळावरच्या ट्रामला ते जमत नाही. एक पिंजरा अडला की मागच्या सगळ्या गाड्या अडतात. म्हणून २० पिंजऱ्यांची मालट्राम, दोन फेऱ्या, आणि दोन्ही टोकांना बगल रूळ (मुख्य रुळाच्या बाजूला गाडी उभी करायचा जादा रूळ). तो इतका लांब हवा की गाडीची शेपूट मुख्य रुळावर राहणार नाही.
जर्मनीतल्या ड्रेस्डेनची मालट्राम २००१ ते २०२० चालली. सुमारे ६० मीटर लांब, तीन ट्रकांचा माल. एका टोकाला गोदाम, दुसऱ्या टोकाला कारखाना, मधे कुठे थांबा नाही. ॲमस्टरडॅममध्ये २००७ साली चाचणी झाली, पण भांडवल उभं राहिलं नाही आणि २००९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. एक चालली, दुसरी सुरूच झाली नाही, हा फरक अहवालात नक्की लिहा.

गोदाकाठ: दोन दारं, दोन माणसं धरली तर २० पिंजऱ्यांना ५ मिनिटं. बरोबर?

रूळबदल: कागदावर बरोबर. पिंजरे बांधलेले पट्टे सोडणं, उतरंडीची फळी लावणं आणि रिकामे पिंजरे परत भरणं यासाठी १५ धरा. पट्टे वगळू नका: ट्रामचा आपत्कालीन ब्रेक रुळाला चुंबकाने धरतो, मोकळा पिंजरा सरळ पुढे येतो. पिंजरा रूळ ओलांडून न्यायचा असेल तर खाचेत छोटं चाक हमखास अडकतं. उतरवायचा फलाट गल्लीच्या बाजूलाच घ्या.

चाकोरी: खरा खर्च पुढे आहे. मेनरोड, भद्रकालीच्या बोळांत ट्राम जाणार नाही. एका पिंजऱ्याची ५० पार्सलं, प्रत्येकी ३ मिनिटं, म्हणजे अडीच तास. प्रत्येक फेरीला २० तीनचाकी विजेच्या गाड्या लागतील. आणि मेट्रो निओचा (नाशिकसाठी आखलेली, रबरी चाकांची मेट्रो) उन्नत मार्ग घेणार असाल तर हिशेब बदलतो: तिथे प्रत्येक पिंजरा लिफ्टने खाली येणार, मग लिफ्टची फेरी मोजा, दाराची नाही.

गोदाकाठ: मार्ग जमिनीवरचाच ठेवतो. बगल रुळासाठी नाशिकरोडच्या बाजूची जागा मोजून मांडणी इथेच टाकतो, लांबी तेवढी तपासा.