धाकटा दुपारी, थोरली पहाटे: शाळेच्या संमतीपत्रावर काय लिहू?

डोंबिवलीची आई

नमस्कार मंडळी. सल्ला हवाय, तोही शनिवारच्या पालकसभेच्या आत.

आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो. मुलगा दुसरीत, मुलगी आठवीत, शाळा एकच. पूर्वी प्राथमिक सकाळी 7 ला आणि माध्यमिक दुपारी भरायचं. मग 2023 च्या डिसेंबरमध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस म्हणाले की मुलांची झोप पुरी होत नाही, शाळेच्या वेळा बदला. 2024 च्या फेब्रुवारीत शासन निर्णय आला: पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी 9 किंवा त्यानंतर. मला मनापासून आनंद झाला होता. पण आमच्या शाळेची इमारत एकच, वर्गखोल्या त्याच. त्यामुळे '9 किंवा त्यानंतर'चे आमच्याकडे दुपारचे साडेबारा झाले आणि मोठी मुलं सकाळी 7 ला गेली.

आता घरात काय होतं ते सांगते. मुलीला साडेपाचला उठवावं लागतं. एक मोजा पायात, दुसरा हातात आणि बसल्या जागी झोपलेली, अशी ती रोज दिसते. दुधावर साय धरते तरी पेला तसाच. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सव्वासातला उगवतो, ही सव्वासहाला अंधारात व्हॅनमध्ये बसते. रात्री लवकर झोप म्हटलं तर अकराशिवाय डोळा लागत नाही. मोबाईल नऊला काढून घेतला तरी नाहीच.

धाकटा आठला उठतो, टवटवीत. पण मी फोर्टात नोकरीला, सकाळी आठच्या आत घर सोडते. हे तळोज्याला, ते त्याहून आधी निघतात. बारापर्यंत त्याला सांभाळणं, जेवू घालणं आणि भर उन्हात व्हॅनपर्यंत नेणं सासूबाईंवर. आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही, त्यांचे गुडघे दुखतात. त्या तक्रार करत नाहीत, पण उतरताना कठडा कसा घट्ट धरतात ते मी पाहिलंय.

शाळेने आता संमतीपत्र पाठवलंय. दोन चौकोन: 'सध्याची वेळ चालू ठेवावी' किंवा 'प्राथमिक वर्ग पुन्हा सकाळी 7 ला भरवावेत'. म्हणजे दोन लेकरांपैकी कोणाची झोप मोडायची, यावर मी सही करायची. मला ते जमत नाहीये. तुमच्याकडे कसं केलंय? शाळेपुढे आणखी काही मांडता येईल का?

ठाण्याची सिस्टर

ताई, मी स्पष्टच लिहिते, रागावू नका. मला 7 चीच शाळा हवी. माझी ड्युटी 8 ला सुरू होते. शाळा 7 ची होती तेव्हा मुलीला गेटवर सोडून मी वेळेत वॉर्डात असायचे. आता सकाळभर तिला पाळणाघरात ठेवते, त्याचे पैसे वेगळे. शिवाय उठते तेव्हाच, कारण मला निघायचं असतं. झोप कुठे वाढली?

मुलांनी झोपू नये असं कुठली आई म्हणेल? पण वेळ पुढे ढकलताना सकाळी 7 ते 9 मूल कुठे असेल हे कोणी विचारलंच नाही. शाळेने वर्ग 9 ला भरवावा, पण गेट 7 ला उघडावं. एक हॉल, एक मावशी, खाली सतरंजी. झोपायचं तर झोपू दे, डबा खायचा तर खाऊ दे. एवढं मिळालं तर मी 9 च्या बाजूने हात वर करीन.

व्हॅनवाले काका, कल्याण

मी शाळेची व्हॅन चालवतो म्हणून माझं पण सांगतो. 7 च्या शाळेला रस्ता मोकळा असतो, पोरं वेळेत पोचतात. 9 ची शाळा म्हणजे शिळफाटा रोडला नेमकी ऑफिसची गर्दी, त्यात मेट्रोचं काम. पालक म्हणतात काका उशीर झाला. मी तरी काय करू?

पण ताई, पहाटे आठवी-नववीची पोरं गाडीत बसली की खिडकीला डोकं टेकतात ते शाळेच्या दारात हाक मारेपर्यंत उठत नाहीत. धाकट्यांचा दंगा असतो, मोठ्यांचा आवाज नाही. ते बघवत नाही. वेळ कुठलीही ठेवा, फक्त एका ट्रिपला जाताना पण पोरं आणि येताना पण पोरं असं बसवा. रिकामी गाडी पळवली की भाडं वाढतं, ते शेवटी तुमच्याच खिशातून जातं.

निवृत्त मुख्याध्यापिका, सातारा

तिसरा पर्याय आहे, आणि तो कायद्यात बसतो. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या अनुसूचीत पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन सांगितले आहे. म्हणजे दिवसाला 4 तास. सहावी ते आठवीला 220 दिवस आणि 1000 तास, म्हणजे दिवसाला साडेचार तासांहून थोडे अधिक. दुसरीच्या मुलाला पाच-साडेपाच तास बसवलेच पाहिजे असे त्या कायद्यात नाही.

तेव्हा प्राथमिक सकाळी 9 ते दुपारी सव्वा, माध्यमिक दीड ते साडेसहा, मधली सुट्टी छोटी. इमारत तीच. शाळा म्हणेल की नववी-दहावीचे तास बसत नाहीत. त्यांना प्रयोगशाळा, ग्रंथालय, हॉल या जागा बाराला देता येतात. मी वेळापत्रके लावण्यात नोकरी घालवली आहे, हे अशक्य नाही, कष्टाचे आहे.

खरा विरोध पालकांकडूनच होईल. पुष्कळांना मोठी मुले सकाळी शाळेत हवी असतात, कारण दुपारनंतर क्लास. त्यांच्याशी आधी बोला.

आणि एक. बदल जमत नसेल तर शाळेने शिक्षणाधिकाऱ्यांचे मार्गदर्शन घ्यायचे असते. पालकांच्या सह्या गोळा करून परस्पर 7 वर परत जाता येत नाही. सभेत हे नम्रपणे विचारा.

बे एरियातली मराठी आई

ताई, तुमची लेक आळशी नाही. वयात येताना झोपेचं घड्याळच पुढे सरकतं, मेंदूत मेलाटोनिन, म्हणजे झोप आणणारं संप्रेरक, उशिरा तयार होतं. त्या वयाला 8 ते 10 तास झोप लागते. अकराला झोपून साडेपाचला उठली तर हिशेब तुम्हीच करा.

आमच्याकडे कॅलिफोर्नियात 1 जुलै 2022 पासून कायदाच आहे: हायस्कूल साडेआठच्या आधी नाही, मिडल स्कूल 8 च्या आधी नाही. अमेरिकेतल्याच सिॲटल शहराने त्याआधीच, 2016 मध्ये, हायस्कूलची वेळ 7:50 वरून 8:45 वर नेली. संशोधकांनी मुलांच्या मनगटावर झोप मोजणारी यंत्रं बांधून पाहिलं, तर झोप सरासरी 34 मिनिटांनी वाढली होती. उशिरा शाळा म्हणजे उशिरापर्यंत जागरण, ही भीती तिथे खरी ठरली नाही. त्रास आहेतच. माझी मुलगी खेळाच्या सरावाहून हिवाळ्यात अंधारात घरी येते. पण सकाळी आमचं भांडण होत नाही.

तुमच्याकडे नियम चौथीपर्यंतच थांबला, आणि ज्यांना उशिराची वेळ सर्वात जास्त हवी होती त्यांच्याच वाट्याला पहाट आली.

डोंबिवलीची आई

सगळ्यांचे आभार. बाई, तुमचा 800 तासांचा हिशेब काल रात्री यांना वाचून दाखवला आणि संमतीपत्राच्या मागच्या बाजूला लिहून काढला. दोन्ही चौकोन रिकामे ठेवतेय. खाली लिहिलंय: प्राथमिक 9 ते सव्वा, माध्यमिक दीड ते साडेसहा, आणि गेट 7 ला उघडं. सिस्टर, हे शेवटचं तुमचं. आमच्या घरीही त्याशिवाय भागणार नाही, सकाळी मी निघतानाच त्याला सोडता येईल आणि आईंचा जिना वाचेल.

क्लासवाल्या पालकांपैकी दोघींशी बोलले. एक तयार आहे. दुसरी म्हणाली की दहावीच्या वर्षी असला प्रयोग नको, आणि तिची काळजी मला खोटी वाटत नाही. दहावीचं वेगळं काही करता येईल का, ते सभेत विचारीन.

काका, या वेळांत तुमची गाडी दुपारी मोठ्यांना सोडून धाकट्यांना घेऊनच परत येईल, रिकामी पळणार नाही. आमच्या व्हॅनवाल्यांना हे तुमच्या भाषेत कसं समजावू, ते जरा लिहाल का?