नवरा मुंबईला, बायको गावी: मुलाखतीत खरं कसं कळणार?

देवगडची विद्यार्थिनी:
एम.एस.डब्ल्यू.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंध देवगड-मालवण किनाऱ्यावरच्या, बाईच्या जिवावर चालणाऱ्या कुटुंबांवर. रेशनकार्डाच्या यादीवरून घरं निवडली आणि प्रश्नावली घेऊन वाड्या फिरतेय. चहा होतो, खोबऱ्याची वडी पुढे येते, पण "घरखर्च कोण भागवतं?" म्हटलं की सगळीकडे एकच उत्तर, "घोव धाडता मां पैसे" (नवरा पाठवतो ना पैसे). सासू शेजारीच बसलेली असते. दुकानदार मात्र उधारीची वही दाखवतो.
दुसरं, मुलांशीही बोलायचंय. संमतीपत्रात "तुम्ही सांगाल ते कुणालाही कळणार नाही" असं छापलंय. ते बरोबर आहे का?
आणि प्रस्तावनेत २०११ च्या जनगणनेतले आकडे दिलेत: हजार पुरुषांमागे रत्नागिरीत १,१२२ आणि सिंधुदुर्गात १,०३६ स्त्रिया. यावरून कोकणात बाईला मान आहे असं लिहिलं तर चालेल ना?

वेंगुर्ल्याची सेविका (निवृत्त):
बाय माझे, ती शेवटची ओळ आधी खोड. ते आकडे मानाचे नव्हेत, मुंबईच्या गाडीचे आहेत. कर्ते पुरुष विरार-नालासोपाऱ्याला, मग मोजायला गावात उरतं कोण? मान बघायचा तर शून्य ते सहा वर्षांची पोरं मोज. तिथे दोन्ही जिल्ह्यांत मुलगेच जास्त.
मी अंगणवाडीत जन्म काढला. पूर्वी मनिऑर्डर यायची तेव्हा पोस्टमन खळ्यात उभा राहून पैसे मोजायचा. कुणाची आली, कुणाची चुकली, अख्ख्या वाडीला ठाऊक. आता पैसे मोबाईलवर येतात, किंवा येत नाहीत, आणि भिंतीपलीकडच्या शेजारणीलाही पत्ता नसतो. तेव्हा "वाडीतल्या जाणत्यांना विचारून घेतलं" असली माहिती लिहू नकोस, जाणत्यांना काही माहीत नाही.
रेशनकार्डाचं म्हणशील तर २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातली सगळ्यात मोठी बाई कुटुंबप्रमुख झाली. म्हणजे सासू. सून त्याच घरात वेगळी चूल मांडून दोन पोरं पोसत असली तरी तुझ्या यादीत ती नाहीच. आधी चुली मोज, मग माणसं.
आणि खर्च कोण भागवतं हे विचारूच नकोस. त्यावर ती अब्रूचं उत्तर देणार, मीही देईन. गेल्या महिन्याचं लाईटबिल कुणी भरलं, दुकानातलं खातं कुणाच्या नावावर, पोराचा गणवेश कुठून आला, असं विचार. सासूला उठवायला जाऊ नकोस, संशय येतो. बाईलाच घराबाहेर गाठ. मासळीबाजारात गिऱ्हाईक ओसरलं की टोपली उपडी घालून बसतात, तेव्हा बोलतात. काजूच्या बिया फोडायला बसतात तिथेही बोलतात, पण मुकादम नसताना. हाताला राख फासून तूही चार बिया फोड, टोपलीमागे पैसे कापले जातात तिचे, तुझ्या प्रश्नांपायी.
आता मुख्य. संजय गांधी निराधार योजनेचे महिना १,५०० विधवेला मिळतात, वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत असल्याचा दाखला लागतो. घटस्फोटाची केस चालू असून पोटगी नाही, अशीही बसते. पण जिचा नवरा नुसताच यायचा थांबलाय? केस नाही, कागद नाही. माझ्या नोकरीत अशाच जास्त पाहिल्या. त्यांना अर्ज कर म्हटलं तर एकीने मला सांगितलं, "कपाळार कुंकू आसताना निराधार म्हणान सही करू? तेच्या जिवाक काय झाला तर?" तुझ्या प्रश्नावलीत विवाहित, विधवा, घटस्फोटित एवढेच रकाने असतील तर ही बाई "विवाहित" म्हणून जाणार. तुझा अख्खा विषय त्या रकान्यात बुडाला.

सावंतवाडीचा वकील:
संमतीपत्रातलं ते वाक्य काढाच. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद. संशोधक म्हणून सूट नाही. मुलाशी बोलण्याआधीच साध्या शब्दांत सांगा की तुझं नाव छापणार नाही, पण तुला कुणी इजा करत असेल तर मला मदत बोलवावी लागेल. मुलांच्या मदतीचा १०९८ क्रमांक त्याच कागदावर छापा.
वरच्या ताईंनी सांगितलेल्या बायकांसाठी: पोटगीला घटस्फोट लागत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम १२५, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १४४. अर्ज ती राहते तिथल्या कोर्टात होतो, मुंबईला खेपा नकोत.

नालासोपारा ते कणकवली:
सगळ्या चाकरमान्यांना एका माळेत ओवू नका. खोलीचं भाडं, लोकलचा पास आणि डबा यातच पगार संपतो. पाठवायला उरलं तर पाठवू ना.

वेंगुर्ल्याची सेविका (निवृत्त):
खरं आहे तुझं, म्हणून तर म्हणते, तुझंही लिहून घ्यायला हवं. बाय, गणपतीला हे सगळे गावात असतात. पहिले दिवस सोड, आरत्या-भजनांत कुणाला सवड नसते. गौरी-गणपती पाण्यात गेले की परतीची गाडी धरायच्या आधी घराघरांत हिशेब होतात. तेव्हा नवऱ्याला वेगळं विचार, बायकोला वेगळं.
जाताना बालसंगोपन योजनेचे अर्ज घेऊन जा. एकट्या पालकाच्या मुलालाही ते महिना २,२५० मिळतात. त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला खेप पडते. बाईला एस.टी.चं तिकीट २०२३ पासून अर्धं झालंय, पण दिवसाची मजुरी पूर्ण बुडते. कागद तू वाडीवरच भरून घेतलेस तर तिची एक खेप वाचेल.