विजया तेल: ‘दोन थेंब’ हे माप धरायचं का?

मापकाटा
जुनाट कंबरदुखी, मज्जातंतूंचं दुखणं, कर्करोगात उडालेली झोप यांवर हल्ली विजया तेल, म्हणजे भांगेच्या पानांचा अर्क मिसळलेलं तेल, सर्रास सुचवलं जातं. चिठ्ठीवर असतं, ‘दोन थेंब जिभेखाली, रात्री’. माझं मत स्पष्ट आहे. १ मिलीत टीएचसी (भांगेतला नशा आणणारा घटक) किती आणि सीबीडी (नशा न आणणारा घटक) किती हे लेबलवर नसेल, तर ते तेल घेऊ नये आणि वैद्यांनी देऊही नये.

उदाहरण घ्या. ३० मिलीच्या बाटलीवर ‘१५०० मिग्रॅ अर्क’ छापलंय. म्हणजे १ मिलीत ५० मिग्रॅ अर्क. पण अर्क म्हणजे टीएचसी नव्हे. अर्कात ४० टक्के टीएचसी असेल तर १ मिलीत २० मिग्रॅ, १० टक्के असेल तर ५ मिग्रॅ. लेबल तेच, नशा चौपट. त्यात ‘एक ड्रॉपर’ म्हणजे साधारण १ मिली. नवख्या माणसाची सुरुवात २.५ मिग्रॅ टीएचसीच्या वर नको, आणि ४० टक्केवाल्या बाटलीतून तो एका दमात आठपट घेऊन बसतो.

रसशाळा
मोजायला माझी ना नाही. पण ‘टक्केवारी छापलेली नाही म्हणून औषधच नाही’ हे मान्य नाही. शार्ङ्गधर संहितेत भांग अफूच्या जोडीने व्यवायी द्रव्यांत येते, म्हणजे पचण्याआधीच अंगभर पसरणारी. तिचा जोर त्या काळी माहीत होता म्हणूनच शोधनाशिवाय, म्हणजे ठरलेल्या रीतीने शुद्ध केल्याशिवाय, ती वापरायची नाही असा दंडक. पानं धुवायची, धुतलेलं पाणी स्वच्छ येईपर्यंत; मग सावलीत वाळवून गाईच्या तुपात मंद आचेवर परतायची. ग्रहणीवरच्या (जुनाट जुलाबाच्या विकारावरच्या) जातिफलादि चूर्णात अशीच शुद्ध भांग पडते. यंत्र नव्हतं, पण मात्रा होती.

द्रावक
रसशाळा, शोधनाने भांग सौम्य होते असा समज तुमच्या लिहिण्यातून होईल, तो दुरुस्त करायला हवा. टीएचसी पाण्यात विरघळत नाही. धुण्याने माती आणि पाण्यात उतरणारे घटक जातात, टीएचसी पानातच राहतं. कच्च्या पानात ते बहुतेक आम्लरूपात असतं आणि त्या रूपात चढत नाही. उष्णता लागली की आम्लरूप मोडून खरं टीएचसी तयार होतं, आणि ते स्निग्ध पदार्थात विरघळतं. म्हणजे तुपात परतल्यावर भांग अंगी जास्त लागते, कमी नाही.

रसशाळा
रसायनशास्त्र कबूल. पण मग पुढचंही बघा. आयुर्वेदाच्या फार्माकोपियात, म्हणजे अधिकृत औषधकोशात, विजयेच्या चूर्णाची मात्रा १२५ ते २५० मिग्रॅ आहे. पानात १ टक्का टीएचसी धरलं तर २५० मिग्रॅमध्ये २.५ मिग्रॅ. तुम्ही सांगताय तीच सुरुवात! चूक परंपरेची नाही. पानाच्या हिशेबाने तयार झालेला हात घट्ट अर्काच्या बाटलीवर तसाच चालवला जातो, तिथे घोटाळा होतो.

मापकाटा
हे शंभर टक्के पटलं.

न्यूरोवॉर्ड
माझा आक्षेप मापाच्याही आधीचा आहे. हे कशासाठी देताय? सीबीडीचा पक्का पुरावा ड्राव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टो या मुलांच्या हट्टी फिट्समध्ये आहे. एपिडिओलेक्स या सीबीडीच्या औषधाला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली ती त्यावरच. तिथे मात्रा वजनावर ठरते: दिवसाला किलोमागे ५ मिग्रॅ, दोन वेळांत विभागून, आठवड्याने १०. म्हणजे २० किलोच्या मुलाला सुरुवातीलाच १०० मिग्रॅ सीबीडी. विजया तेलाच्या थेंबांत हे बसतच नाही, आणि बसवायला गेलात तर सोबत टीएचसी मुलाच्या पोटात जातं. शिवाय फिट्सच्या औषधांपैकी व्हॅलप्रोएट चालू असेल तर यकृताची एन्झाइम्स वाढतात, क्लोबाझॅम चालू असेल तर मूल पेंगतं. आईबापांनी चालू गोळ्या बंद करून तेल सुरू करणं तर फारच घातक आहे, फिट्स उलटून येतात.

दुखण्याबद्दल म्हणाल तर २०२१ साली वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने (आयएएसपी) कॅनाबिनॉइड्सच्या (टीएचसी, सीबीडीसारख्या घटकांच्या) सरसकट वापराला पाठिंबा दिलेला नाही.

सांधा
त्याच २०२१ साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाच्या मार्गदर्शक सूचनेने जुनाट दुखण्यात, नेहमीचे उपचार पुरत नसतील तर, धूर न ओढता घ्यायच्या प्रकारांची चाचणी करून बघायला सौम्य शिफारस केली आहे. तीही सांगा. मूत्रपिंड नाजूक असलेल्या वयस्कर माणसाला डायक्लोफिनॅक देता येत नाही, ट्रामाडोलने उलट्या होतात. त्याच्यापुढे ‘पुरावा पुरेसा नाही’ म्हणून हात झटकायचे का? चार आठवडे नीट करून बघावं, दुखणं १० पैकी किती आणि झोप किती तास हे वहीत लिहावं. फरक नाही तर बंद.

सुरुवात अशी: सुईशिवायची १ मिलीची सिरिंज घ्या, ड्रॉपर बाजूला ठेवा. तेलात १ मिलीला २० मिग्रॅ टीएचसी असेल तर ०.१ मिली म्हणजे २ मिग्रॅ. रात्री जेवणानंतर एकदाच. दर तिसऱ्या दिवशी ०.१ मिली वाढवा, गुण आला की तिथेच थांबा.

द्रावक
जिभेखाली ठेवलेलं तेलही बरंचसं गिळलंच जातं, म्हणून असर यायला अर्धा ते दोन तास आणि टिकतो सहा-आठ तास. यकृतात टीएचसीचं आणखी जोरकस रूप तयार होतं. अर्ध्या तासात काही वाटलं नाही म्हणून दुसरी मात्रा घेणं, ही सगळ्यात नेहमीची चूक. मग दोन्ही एकदम चढतात: छातीत धडधड, घबराट, उभं राहिलं की रक्तदाब उतरून पडणं. म्हाताऱ्या माणसाने रात्री बाथरूमला एकट्याने जाऊ नये.

न्यूरोवॉर्ड
सांधा, वहीची अट मान्य, पण आधी गाळणी लावा. स्वतःला किंवा घरात कोणाला सायकोसिस (भास-भ्रमाचा मानसिक आजार) असेल, स्वतःला अस्थिर हृदयविकार असेल, गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई: यांना टीएचसी नाहीच. रक्त पातळ करणारं वॉर्फरिन चालू असेल तर आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) लवकर तपासा.

कलम
कायद्याचा गोंधळ नको. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुला-फळांचे शेंडे. शेंड्यांशिवायची पानं आणि बिया त्या व्याख्येबाहेर. म्हणून पानांपासूनचं परवानाधारक आयुर्वेदिक औषध शक्य होतं. पण महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागतो, तेव्हा पानं आणून घरी अर्क काढणं हा उपाय नव्हे. भांग औषध नियमांतल्या ई-१ या विषारी द्रव्यांच्या यादीत असल्याने पोटात घ्यायच्या औषधावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापलेली असावी लागते, तीही बघा. आणि किराणातलं हेंपच्या (भांगेच्याच झाडाच्या) बियांचं तेल वेगळं, ते खाद्यतेल आहे. त्यात दुखणं थांबवण्याइतकं काही नसतं.

मापकाटा
मग दुकानात विचारायचं ते एवढंच: बॅच क्रमांक, आणि त्याच बॅचचा टीएचसी-सीबीडीचा प्रयोगशाळा अहवाल. अहवालावरचा क्रमांक बाटलीवरच्या क्रमांकाशी जुळला नाही तर बाटली परत करा.